थांबाबाईंच्या चिंध्या

शिंप्याच्या मशीनखाली पत्र्याची एक पेटी होती. कपडा शिवून झाला की उरलेला तुकडा तो गिऱ्हाइकाच्या हातात देई, म्हणजे मागून कोणी मापात पाप केलं म्हणायला नको. गिऱ्हाईक तो तुकडा उलटसुलट करून बघे आणि तिथंच टाकून जाई. मग काठ, पट्ट्या, अस्तराचे कोपरे, सगळं त्या पेटीत पडे. दुकान शिंप्याचं होतं, मशीन शिंप्याचं होतं, पण ती पेटी त्याच्या बायकोची. तिला विचारल्याशिवाय त्यातली सुतळीएवढी चिंधी काढायचीही त्याला मुभा नव्हती.

बायको रान राखायची. म्हणजे लोकांची रानं. शहराचा शेवटचा थांबा संपतो तिथून पुढे लोकांनी एकर-दीड एकराचे तुकडे घेतलेले आणि मधोमध घरं बांधलेली होती. भोवती आधीपासूनची झाडी. जागा घेताना माणूस त्या झाडीवर भाळतो, आणि राहायला आला की तिलाच भितो. पानं पडतात, फांद्या वाढतात, पक्षी ओरडतात. मग एके रविवारी तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि म्हणतो, "हे सगळं एकदा साफ करून घेतलं पाहिजे."

या "साफ" शब्दाशी शिंप्याच्या बायकोचं उभं वैर. ती म्हणायची, "ताट साफ करतात, कान साफ करतात. रान काय साफ करायचं? पाचोळा झाडून टाकला तर खाली बी रुजणार कशात, तुमच्या फरशीत?"

तिचं पहिलं काम एका रोपवाटिकेत होतं. लग्नाआधीपासून ती तिथं पिशव्यांत माती भरायची, रोपं लावायची, पाणी द्यायची. पुढे ती जागा विकली गेली आणि तिथं गाड्या उभ्या करायचा तळ झाला. बाई घरी बसल्या. घरी म्हणजे दुकानात, नवऱ्याशेजारी, बटणं लावत. बटणं ती वाईट लावायची. शिंपी काही बोलत नसे, ती उठून गेली की उसवून परत लावायचा.

एकदा एक डॉक्टरीणबाई कपडे शिवायला आल्या. माप देता देता सांगत होत्या, घराभोवती झाडांचा नुसता गुंता झालाय, उद्या माणसं बोलावलीयत, सरसकट तोडून टाकते. बटणं लावणारी बाई तोंडातला दोरा तसाच ठेवून म्हणाली, "थांबा."

एवढंच म्हणाली. पण असं म्हणाली, की डॉक्टरीणबाईंचा टेपसाठी वर केलेला हातही तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी तिने जाऊन ती झाडी बघितली, आणि तिथून तिचं हे काम सुरू झालं. ती कुठंही गेली तरी पहिला शब्द हाच. मालक हातात कोयता घेऊन दारात उभा असला तर, "थांबा." मालकीणबाई पाचोळ्याला काडी लावायला निघाल्या असल्या तर, "थांबा." लोकांनी तिचं नावच थांबाबाई ठेवलं. शिंप्याला आधी राग आला. मग एकदा बाजारात कोणीतरी त्याची ओळख "थांबाबाईंचे मिस्टर" अशी करून दिली, आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला राग आलेला नाही, आपली छाती फुगलीय.

थांबा म्हणायची म्हणून सगळंच राखायची, असं नाही. भिंतीला लागून वाळक्या काटक्यांचा ढीग दिसला की तिचा आवाज चढायचा. ठिणगी पडली तर रानही जाईल आणि घरही. छपरावर रेललेल्या फांदीला ती क्षमा करत नसे. "घराला टेकलेलं झाड आणि घरात मुक्काम ठोकलेला पाहुणा, दोघांना वेळेवर सांगावं लागतं," असं ती पाहुण्यांदेखत म्हणायची. पण घरापासून लांब उभं असलेलं एखादं मेलेलं झाड मात्र ती राहू द्यायला लावे. त्याच्या ढोलीत कोण कोण राहतं ते मालकाला दाखवी, आणि विचारी, "एवढ्यांना घराबाहेर काढायचं, तर पर्यायी जागा बघितलीत का?"

तिची कामाची पद्धत तिचीच. आधी मालकाला बरोबर घेऊन सगळी झाडी फिरायची. बोलायचं नाही. दुसऱ्या फेरीला पिशवीतून चिंध्या काढायच्या आणि जी झाडं राखायची त्यांना बांधायच्या. बाकीची विरळ करायची.

यावरून नवरा-बायकोत कायमचा वाद होता. शिंपी म्हणे, "अगं, खूण कापायच्या जागी करतात. आमच्यात खडूची रेघ म्हणजे कात्री."

"तुमचं कापड पडून राहतं. माझं वाढतं," ती म्हणे. "कापायच्या झाडाला खूण केली की माणूस दिवसभर कापायचंच बघतो. राखायच्या झाडाला केली तर त्याच्याकडे एकदा मान वर करून बघतो तरी."

वादात शिंपी हरायचा. पण रविवारी तिला स्कूटरवर मागे बसवून कोणाकोणाच्या रानात घेऊन जायचा, आणि तिथं त्याचा दिवस सोन्याचा होऊन जायचा. पोस्टमनच्या खाकीची पट्टी एका पोक आलेल्या झाडाला. कोणाच्या पडद्याचा फुलाफुलांचा काठ एका भल्या दांडग्या बुंध्याला, त्याला तो शोभतही असे. नव्या नवरीच्या रेशमाची चिंधी कमरेएवढ्या रोपट्याला. "मी माणसांना कपडे घालतो, ही झाडांना," असं तो रस्त्यात भेटेल त्याला सांगायचा. लोक एकदा हसायचे. तो दरवेळी हसायचा.

अशातच ड्रायव्हरसाहेब तिकडे राहायला आले. आयुष्यभर त्यांनी मोठी बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर बसचा हॉर्न डेपोत ठेवून आले, पण त्याचा आवाज गळ्यात राहिला. शेवटच्या थांब्यापलीकडे त्यांनी दोन एकर घेतले होते, अर्ध्याहून जास्त झाडी.

"तुम्हीच का थांबाबाई?" ती झाडी बघायला गेली तेव्हा त्यांनी फाटकातूनच विचारलं.

"हो."

"मग आपलं जमलं! मी जन्मभर थांब्याथांब्यावर थांबलो. मागचे शिव्या द्यायचे, तरी थांबलो. चला, तुमच्या थांब्यावर पण थांबू."

त्यांची झाडी तिला फार आवडली. घरी येऊन ती जेवताना त्याबद्दलच बोलत होती. गुळगुळीत करड्या सालीची दहा-बारा झाडं होती, सरळ, निरोगी. त्यांचं बी आसपासच्या सगळ्या रानांत पडत होतं. शेजारच्यांच्या जागेत जी नवी रोपं आली होती ती यांचीच लेकरं. "ती झाडं म्हणजे सगळ्या आळीची आई आहे हो," ती म्हणाली. "ती राहिली की बाकीच्यांची रानं आपोआप भरतील."

बांधायला तिने पांढऱ्या आणि निळ्या चिंध्या काढल्या होत्या. ड्रायव्हरसाहेबांना त्या पसंत पडल्या नाहीत. "पांढरं काय, निळं काय! लाल बांधा. लाल म्हणजे थांबा. हे मला कोणी शिकवायला नको."

शिंप्याकडे बँडवाल्यांच्या कोटांचं लाल कापड उरलं होतं. पट्ट्या कापता कापता तो म्हणाला, "लाल नको गं. काहीतरी भलतंच वाटतं."

"मालकाला समजलं की झालं," ती म्हणाली. ज्याचं रान त्याला खूण पटली पाहिजे, हे तिचं तत्त्व होतं. आणि तोडणारी माणसं यायची त्या दिवशी ती स्वतः हजर असायचीच. मग रंगाचं काय एवढं?

पण तोडणारे दोन दिवस आधीच आले. त्यांच्या मुकादमाचं दुसरीकडचं काम रद्द झालं होतं, म्हणून तो माणसं घेऊन सरळ ड्रायव्हरसाहेबांच्या फाटकावर. घराला कुलूप. ड्रायव्हरसाहेब दवाखान्यात, डोळ्याचं ऑपरेशन होऊन पट्टी बांधून पडलेले, त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, त्यांच्या उशाशी. मुकादमाने फोन लावला. ड्रायव्हरसाहेबांनी आडव्या आडव्याच हुकूम सोडला, "लाल खुणा बघा आणि कामाला लागा. बाईंना विचारायची गरज नाही, सगळं ठरलंय."

मुकादमाच्या धंद्यात लाल खूण म्हणजे एक घाव दोन तुकडे. त्याने लाल खुणा बघितल्या आणि तो कामाला लागला.

माणूस प्रामाणिक होता, हेच वाईट झालं. कामचुकार असता तर निम्मी झाडं वाचली असती. त्याने करड्या सालीचं एक झाड सोडलं नाही. ओंडके एका मापाचे करून रचले. वाकडी, काटेरी, किडकी झाडं जशीच्या तशी उभी ठेवली. आणि जाताना सगळ्या लाल चिंध्या सोडून, घड्या घालून फाटकाच्या कडीला बांधून ठेवल्या. परत उपयोगी पडतील म्हणून.

ड्रायव्हरसाहेब काळा चष्मा लावून घरी आले तेव्हा एका डोळ्याने दिसलं तेवढं त्यांना पुरलं. तो आवाज शेवटच्या थांब्यापर्यंत ऐकू गेला. बाईने मुकादमाशी संगनमत केलं, चांगली झाडं हेरून त्याला दाखवली, माझ्या आंधळेपणाची संधी साधली. बस येईपर्यंत थांब्यावर जो उभा असेल त्याला ते हे ऐकवत. तिथं पळून जायला कोणाला जागा नसे.

थांबाबाई आणि शिंपी त्या दिवशी मागच्या बाजूने जाऊन बघून आले. झाडी कसली, दात पाडलेलं तोंड. ती एका बुंध्यापाशी बसली. शिंप्याला वाटलं, आता रडेल. ती वाकून कापलेल्या जागेवरून बोट फिरवत होती.

"कापलंय मात्र छान," ती म्हणाली. "अगदी जमिनीलगत. उतरता काप आहे, पाणी साचायचं नाही. साल कुठं फाटलेली नाही. अहो, मुळं जिवंत आहेत."

पण ऐकणार कोण? ती फाटकाशी गेली, तर ड्रायव्हरसाहेबांनी कडी काढली नाही. फाटकाबाहेरूनच ती म्हणाली, "मला काय बोलायचं ते बोला. खुणा मी बांधल्या होत्या, त्या दिवशी मी इथं असायला हवं होतं. पण बुंधे उपटू नका. त्यांना धुमारे फुटतील."

"मशीन सांगून ठेवलंय!" आतून आवाज आला. "सगळे बुंधे उपटतो, जमीन सपाट करतो, हिरवळ लावतो. साफ करतो सगळं, साफ!"

तो शब्द त्यांनी मुद्दाम वापरला होता.

मग बाकीच्यांच्या रानांतल्या चिंध्या परत यायला लागल्या. आधी एकाने दुकानाच्या कडीला पिशवी अडकवली. मग दुसऱ्याने. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "गैरसमज नको हं. पण आमच्या ह्यांना काळजी वाटते. सध्या राहू दे." पडद्याचा फुलाफुलांचा काठ परत आला. पोस्टमनची खाकी परत आली. रेशमाची चिंधीसुद्धा आली, तिला झाडाचा चीक लागला होता. थांबाबाईंनी एकेक धुऊन, वाळवून पेटीत ठेवली. पेटी काठोकाठ भरली तेव्हा झाकण लावलं आणि ती नवऱ्याशेजारी बसून बटणं लावायला लागली.

आता ती उठून जातच नसे, त्यामुळे शिंप्याला ती बटणं उसवताही येईनात. तशीच कपड्यांवर जात होती. कोणी तक्रार केली तर तो पैसे परत देई, पण तिला कळू देत नसे. त्याला वाईट बटणांचं दुःख नव्हतं. दिवसभरात ती एकदाही "थांबा" म्हणत नव्हती, त्याचं होतं. घरात दूध उतू गेलं तरी नुसती बघत उभी राहायची. जिच्यामुळे आपण चारचौघांत मान वर करून चालतो, ती मान खाली घालून बसलीय, हे त्याला सहन होईना. ज्याचं जळतं त्याला कळतं. एके दिवशी भरदुपारी तो गळ्यातला टेप न काढताच उठला, स्कूटर काढली आणि ड्रायव्हरसाहेबांच्या फाटकाशी जाऊन थांबला.

"मास्तर, मी काही शिवायला टाकलेलं नाही," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"माहीत आहे. मी भांडायला आलोय."

हे ऐकून ड्रायव्हरसाहेबांना बरं वाटलेलं दिसलं. बऱ्याच दिवसांत कोणी समोरासमोर आलं नव्हतं. त्यांनी कडी काढली. "या. बसा."

शिंपी बसला नाही. "तुमचा कामावरचा पहिला कोट मी शिवला होता. आठवतं?"

"आठवतं. डावी बाही आखूड कापली होतीत. मी दुकान डोक्यावर घेतलं होतं."

"मग कोट फेकून दिलात?"

"फेकतोय कशाला? तुम्ही पट्टी जोडून दिली. शेवटच्या दिवसापर्यंत घातला."

"मी दोन दिवस मागितले होते. तुम्ही शिव्या दिल्यात, पण दिवसही दिलेत." शिंप्याचा आवाज आता चढला होता. दुकानात तो कधी चढत नसे. "साहेब, कापड मेलेलं असतं. चुकीचं कापलं तर जोड आम्हाला द्यावी लागते. झाड स्वतःची जोड स्वतः देतं. माझी बायको तुमच्याकडे एक हंगाम मागतेय, दुसरं काही नाही. आणि लबाड म्हणालात तिला? इतकी वर्षं लोकांच्या रानात फिरते, मालकाला विचारल्याशिवाय कोणाच्या वाळल्या काटकीला हात लावला नाही तिने. लाल चिंध्या मी कापून दिल्या. लाल म्हणजे थांबा, हे तुमचं. लाल म्हणजे तोडा, हे मुकादमाचं. खूण म्हणजे कात्री, हे माझं. तिघांच्या तीन भाषा, आणि बोल खायचे तिने एकटीने?"

दारातून वहिनी म्हणाल्या, "मी यांना हेच सांगत होते."

"तुला कोणी विचारलं?"

"विचारत नाही, म्हणून तर हे झालं. फोनवर हुकूम सोडताना मी शेजारीच बसले होते ना? म्हटलं, बाईंना कळवू. तर म्हणे, गरज नाही."

ड्रायव्हरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "त्या मशीनवाल्याला तसाही वेळ नाहीये. तो येईल तेव्हा बघू."

मशीनवाला दोन आळ्या सोडून रिकामा बसलेला शिंप्याने येतानाच बघितला होता. त्याने स्कूटरला किक मारली. घरी जाऊन बायकोला एवढंच म्हणाला, "जरा चक्कर मारून आलो."

थंडी आली आणि गेली. बटणं लागत राहिली, वाकडीतिकडी. मग दिवस उबदार व्हायला लागले तेव्हा एका सकाळी दुकानासमोर गाडी थांबली आणि वहिनी उतरल्या. पायरी चढून त्या आत आल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "मास्तर, प्रत्येक बुंध्याला धुमारे आलेत! लालसर, कोवळे, मूठमूठभर. आमचे हे रोज सकाळी जाऊन बघतात, चष्मा बदलून बदलून. पानं सुटली की एकेकावरून हात फिरवतात. मशीनवाला मध्ये विचारायला आला होता, तर त्याच्या अंगावर असे ओरडले, की बिचारा उलट्या पावली गेला."

थांबाबाईंच्या हातातली सुई तशीच राहिली.

"पण सगळे ठेवायचे नसतात म्हणे," वहिनी तिच्याकडे वळल्या. "एखाददुसरा राखायचा, तरच झाड होतं. तुम्हीच म्हणाला होतात म्हणे पहिल्या दिवशी. यांच्या बरोबर लक्षात आहे. तर कुठला राखायचा ते बाईंना विचार, त्यांना घेऊनच ये, आणि बांधायला काहीतरी आण, म्हणून मला पाठवलंय."

"साहेब स्वतः का नाही आले?" शिंप्याने विचारलं.

"आलेत की. गाडीत बसलेत. लाजतायत."

बाहेर हॉर्न वाजला. लाजणारा माणूस जेवढा जोरात वाजवू शकतो, तेवढ्या जोरात.

"रंग कुठला देऊ?"

वहिनींना हसू आवरेना. "लाल सोडून कुठलाही, म्हणाले."

शिंपी उठला. पेटीकडे वाकला नाही. त्याने फळीवरून पिवळ्या सुती कापडाचं नवं कोरं ठाण खाली घेतलं. अजून त्याला कात्री लागली नव्हती. ते मशीनवर ठेवून त्याने काठाला एक चीर दिली आणि टर्रकन पट्टी फाडली. मग दुसरी. अख्ख्या आयुष्यात बोटभर कापड वाया न घालवलेला माणूस ठाणावर ठाण फाडायला निघाल्यासारखा फाडत होता.

"अहो, हे काय करताय?" बायको म्हणाली. "चिंध्या आहेत की पेटीत."

"संपल्या."

पेटी तिच्या पायाशीच होती. काठोकाठ भरलेली; झाकणाच्या फटीतून पडद्याची फुलं बाहेर आली होती. तिने पेटीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. त्याने मान वर केली नाही, कारण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि गिऱ्हाईक समोर होतं.

तिने पिवळ्या पट्ट्या उचलल्या, टेपसारख्या गळ्यात टाकल्या आणि चपला शोधायला लागली. बाहेर हॉर्न परत सुरू झाला, या वेळी थांबायचं नाव घेईना. समोरचा दुकानदार वैतागून बाहेर आला.

थांबाबाई एक चप्पल घालून दारात आल्या आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "थांबा!"

हॉर्न बंद झाला.

शिंप्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि आणखी एक पट्टी फाडली.